नागपुरात जलजन्य आजारांचा अभ्यास करायचाय? आधी पाण्याची वाट शोधा

पावसाळा तोंडावर आला की पीएसएमचे (सामाजिक व रोगप्रतिबंधक वैद्यकशास्त्राचे) नवे रेसिडेंट, एमपीएचचे (सार्वजनिक आरोग्याचे) आणि मायक्रोबायोलॉजीचे विद्यार्थी विषय शोधायला लागतात. ‘अमुक वस्तीतील पाच वर्षांखालील मुलांमधील अतिसार व त्याच्याशी निगडित घटक’ हा त्यातला सदाबहार. प्रश्नावलीत आईचं शिक्षण असतं, घर कच्चं की पक्कं हे असतं, जेवणाआधी साबणाने हात धुता का हेही असतं (नाही कोण म्हणणार?). पाण्यासाठी मात्र एकच ओळ: नळ, विहीर, बोअर, इतर. शहरातली जवळपास सगळी घरं ‘नळ’वर खूण करतात आणि जलजन्य आजाराच्या अभ्यासातून पाणीच बाजूला पडतं.

म्हणून नागपुरात नव्याने या कामाला लागणाऱ्यांसाठी हा क्रम. बराचसा साथीच्या तपासाला लागू पडतो, थोडा वर्षभर चालणाऱ्या अभ्यासालाही.

पहिली पायरी: एक आजार निवडा आणि त्याचं घड्याळ पाठ करा

‘जलजन्य आजार’ हा विषय होत नाही. कॉलरा, टायफॉइड, हगवण, रोटाव्हायरसचे जुलाब, हिपॅटायटिस ए आणि ई हे सगळे विष्ठेतून तोंडावाटेच पसरतात, पण प्रत्येकाचा अधिशयन काळ, म्हणजे जंतू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, वेगळा असतो. कॉलरा काही तासांपासून पाच दिवसांत दिसतो. शिगेलाची हगवण साधारण एक ते तीन दिवसांत. टायफॉइडला बहुधा एक ते दोन आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. हिपॅटायटिस ए सरासरी २८ दिवसांनी. हिपॅटायटिस ई तर दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत केव्हाही, सरासरी पाच-सहा आठवड्यांनी.

हे आकडे परीक्षेपुरते पाठ करून विसरण्यातले नाहीत. आज एखाद्या गल्लीत कावीळ झालेली आठ माणसं सापडली आणि तुम्ही आजच्या नळाचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत धाडलंत, तर तुम्ही चुकीच्या महिन्याचं पाणी तपासताय. त्या लोकांनी ते पाणी दीड महिन्यापूर्वी प्यायलं. दरम्यान वाहिनी दुरुस्त झाली असेल, उन्हाळा सरून पाऊस लागला असेल. अहवाल ‘पिण्यायोग्य’ येतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि तपास तिथेच मिटतो. काविळीत खरा पुरावा पाण्याच्या बाटलीत कमी आणि दुरुस्तीच्या नोंदवहीत जास्त सापडतो: कोणत्या आठवड्यात कुठे खोदकाम झालं, कुठल्या तक्रारी आल्या, पुरवठा कधी बंद होता.

मग रुग्णाची व्याख्या लिहून काढा. जुलाब म्हणजे २४ तासांत तीन किंवा अधिक पातळ संडास. अमुक तारखेपासून, अमुक वस्तीत राहणारी व्यक्ती. संशयित, संभाव्य आणि खात्रीचा असे तीन थर ठेवा. टायफॉइड घेतलात तर सावध राहा: नुसता ‘विडाल पॉझिटिव्ह’ कागद पाहून कोणालाही खात्रीचा रुग्ण धरू नका. आपल्या भागात पूर्वीच्या संसर्गामुळेही ही चाचणी उमटते. खात्री हवी तर ब्लड कल्चर, तेही अँटिबायोटिक सुरू होण्याआधी. मोठ्या माणसांत एकदम काविळीचे रुग्ण वाढले तर आधी हिपॅटायटिस ईचा संशय घ्या, कारण आपल्याकडे हिपॅटायटिस ए बहुतेकांना बालपणीच होऊन जातो.

दुसरी पायरी: पाणी कुठून येतं ते नकाशावर काढा

शहराचं बरंचसं पाणी पेंचचं. नवेगाव खैरीच्या जलाशयातून निघून ते गोरेवाडा आणि गोधनीला शुद्ध होतं. दुसरा आधार कन्हान नदी. शुद्धीकरणानंतर हे पाणी वेगवेगळ्या जलकुंभांत चढतं आणि प्रत्येक जलकुंभाचं आपलं असं एक पुरवठा क्षेत्र असतं. हे क्षेत्र महापालिकेच्या दहा झोनच्या किंवा प्रभागांच्या हद्दी मानत नाही. एकाच रस्त्याच्या डाव्या हाताची घरं एका टाकीवर, उजव्या हाताची दुसऱ्या टाकीवर असू शकतात. तुम्ही रुग्ण प्रभागवार मोजलेत तर दोन टाक्यांची सरासरी काढून बसाल आणि कुठेच काही विशेष दिसणार नाही.

डॉक्टर जॉन स्नोने १८५४ साली लंडनच्या कॉलऱ्याच्या साथीत दोषी ठरवलेला ब्रॉड स्ट्रीटचा पंप सगळ्यांना माहीत असतो. मला त्याचं त्याच साथीतलं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांच्या वाहिन्या एकाच रस्त्यावरून जात होत्या. शेजारी शेजारी घरं, सारखीच माणसं, फक्त पाणी वेगळं. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनीच्या घरांत दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू, लँबेथच्या घरांत ३७. कित्येक घरांना आपलं पाणी कुठल्या कंपनीचं हेच ठाऊक नव्हतं, तेव्हा स्नोने पाण्यातल्या मिठाच्या प्रमाणावरून ते ओळखलं.

ही युक्ती आपल्याकडे आजही चालते. साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) खिशात ठेवा. बोअरचं पाणी जड, नदीचं त्या मानाने हलकं. घरचे ‘नळाचंच पितो’ म्हणतात आणि आकडा बोअरचा येतो, तेव्हा अपार्टमेंटच्या खालच्या टाकीत दोन्ही पाणी एकत्र सोडलं जातं हे कळतं. हा मीटर जंतूंबद्दल काही सांगत नाही, एवढं लक्षात ठेवा. तो फक्त स्रोत ओळखायला.

नकाशासाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. जलकुंभांची क्षेत्रं पाणीपुरवठा विभागाकडून रीतसर पत्र देऊन मागा. पण कागदावरचा नकाशा आणि जमिनीतली वाहिनी यांत फरक असतो, आणि तो ज्याला ठाऊक असतो तो म्हणजे रोज व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस. एक सकाळ त्याच्यासोबत फिरा. कुठल्या गल्लीत पाणी शेवटी पोचतं, कुठे लाइन नालीतून जाते, कुठे जोडणी गंजलीय, हे तो चालता चालता सांगतो.

आता या सगळ्याचा गाभा. वाहिनीत पाणी दाबाने वाहत असतं तेव्हा छोटं भोक असलं तरी पाणी बाहेर गळतं, आत काही येत नाही. पुरवठा बंद झाला की दाब उतरतो आणि भोवतीच्या ओल्या मातीतलं, फुटक्या गडरलाइनचं पाणी आत शिरायला वाट मिळते. त्यात घरोघरी टिल्लू पंप लावून ओढाओढ सुरू झाली की दाब शून्याखाली जातो आणि हे शोषण आणखी वाढतं. शेवटच्या टोकाची, चढावरची घरं आधी भोगतात. त्यामुळे प्रश्नावलीत ‘नळ’ या शब्दाखाली निदान एवढं विचारा: पाणी किती वाजता येतं, किती वेळ राहतं, पंप लावावा लागतो का, शेजारी लावतात का, सर्व्हिस लाइन नालीतून जाते का, आणि गेल्या दोन महिन्यांत वास किंवा रंग बदलला होता का.

तिसरी पायरी: परवानग्या आणि आधीची आकडेवारी

कंटाळवाणी, पण टाळता न येणारी. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, महापालिका हद्दीत मनपाच्या आरोग्य विभागाला पत्र, ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. आयसीएमआरची २०१७ ची संशोधन-नैतिकतेची मार्गदर्शक तत्त्वं एकदा वाचून घ्या.

आकडेवारीसाठी एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून आहे, आणि २०२१ पासून नोंदी आयएचआयपी या पोर्टलवर जातात. आरोग्यसेवक भरतात तो एस फॉर्म, डॉक्टर भरतात तो पी, प्रयोगशाळा भरते तो एल. एसमध्ये रुग्ण खूप पण खात्री कमी, एलमध्ये खात्री पण रुग्ण मोजके. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), मेयो रुग्णालय, मिहानचं एम्स आणि नागरी आरोग्य केंद्रांचे रजिस्टर पाहा, पण त्यावरून शहराचा दर काढायला जाऊ नका. जुलाब लागल्यावर माणूस आधी औषधाच्या दुकानात गोळी मागतो, मग गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो; सरकारी दवाखाना तिसरा. म्हणून निवडलेल्या क्षेत्रातल्या दोन-चार खासगी डॉक्टरांशी आणि औषध दुकानदारांशी ओळख करा. ओआरएसची पाकिटं अचानक संपायला लागली हे दुकानदाराला सगळ्यात आधी कळतं.

चौथी पायरी: घरात जाऊन बोलणं

आशाताईंशिवाय वस्तीत पाऊल टाकू नका. त्यांना मानधन आणि मान दोन्ही द्या; प्रबंधाच्या ऋणनिर्देशातली एक ओळ पुरत नाही.

प्रश्न लोकांच्या भाषेत हवेत. ‘अतिसार झाला होता का’ याला मान हलवून हो किंवा नाही मिळतं, आणि त्या हो-नाहीला काही अर्थ नसतो. ‘काकू, मागच्या सोमवारपासून घरात कोणाला उलटी-संडास लागली होती का? दिवसातून किती वेळा?’ असं विचारा. सोमवार लक्षात राहत नसेल तर सण धरा: पोळ्याच्या आधी की मारबतीनंतर, गणपती बसल्यावर की उठल्यावर. आणि उत्तर संपल्यावर लगेच पुढच्या प्रश्नावर उडी मारू नका. ‘पाणी गढूळ येऊन राहिलं होतं ना दादा, पहिले दोन गुंड (हंडे) तर फेकूनच द्या लागते’ हे वाक्य कुठल्याच रकान्यात बसत नाही, पण तुमच्या अभ्यासाचं गृहीतक त्यातच असतं. फॉर्मच्या शेवटी कोरी जागा ठेवा.

लाइन लिस्टमध्ये (रुग्णांच्या यादीत) नाव, वय, लिंग आणि पत्ता असतातच. त्यात जलकुंभ, वाहिनी, लक्षणं सुरू झाल्याची तारीख आणि वेळ (दवाखान्यात गेल्याची नव्हे), घराबाहेर प्यायलेलं पाणी, गेल्या आठवड्यातले कार्यक्रम हे जोडा. घराबाहेरचं पाणी फार निसटतं: ऑफिसातला थंड पाण्याचा जार, रसवंतीतला बर्फ, शाळेची टाकी, पाणीपुरीचं पाणी. मोबाइलवर फॉर्म भरायचं कोबोटूलबॉक्स वापरलात तर रात्री बसून फॉर्म चढवायचं काम वाचतं.

भेटीची वेळ शक्यतो पाणी यायच्या वेळेलाच गाठा. घरच्यांची तारांबळ असते, मुलाखत नीट होत नाही, पण ती नंतर घ्या. आधी नुसतं उभं राहून पाहा: पहिलं पाणी कसं येतं, पाइप कुठे लोळतो, ड्रम झाकलेला आहे का, माठातून पाणी ओगराळ्याने काढतात की पेला बुडवून.

पाचवी पायरी: नमुने

पाण्याची निर्जंतुक बाटली घेताना तिच्यात सोडियम थायोसल्फेट आहे याची खात्री करा. नाहीतर पाण्यातलं क्लोरीन प्रयोगशाळेपर्यंतच्या वाटेवर जंतू मारत राहतं आणि नळावर घाण असलेलं पाणी टेबलावर स्वच्छ निघतं. नळाला बांधलेलं फडकं काढा, तोंड पुसा, निर्जंतुक करा. पुस्तकात दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या असं असतं. ते मुख्य वाहिनीचा दर्जा पाहायला ठीक. पण ठराविक वेळीच येणाऱ्या पाण्यात दोष पहिल्या धारेतच असतो. म्हणून दोन बाटल्या: एक पहिल्या धारेची, एक नंतरची, आणि लेबलवर तसं स्पष्ट लिहा. तिसरी बाटली त्याच घरातल्या माठाची. नळाचं चांगलं आणि माठाचं खराब आलं तर दोष घरातल्या साठवणीत, दोन्ही खराब आलं तर वाहिनीकडे पाहा.

बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा, २४ तासांच्या पुढे तर नाहीच. मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असताना स्कूटरच्या डिकीत बाटल्या ठेवणाऱ्यांचे निकाल मी वाचतही नाही.

उर्वरित क्लोरीन जागेवरच मोजायचं, कारण ते उन्हात आणि वेळेत उडून जातं. क्लोरोस्कोपमध्ये ओटी (क्लोरीनशी रंग देणारं ऑर्थोटोलिडिन) टाकली की मुक्त क्लोरीनसाठी रंग पहिल्या दहा सेकंदांत वाचा. फॉर्म भरून मग बघू म्हणालात तर अमोनियासारख्या पदार्थांशी जुळलेलं क्लोरीनही रंग देतं आणि आकडा उगाच चांगला दिसतो. भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवं, आणि १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय अजिबात नको. एचटूएस बाटली (विष्ठेच्या प्रदूषणाची झटपट चाचणी) काळी पडली तर तो संशय समजा, निदान नव्हे.

ई. कोलाय नाही म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. दिल्लीत १९५५-५६ साली पुराने नाल्याचं पाणी यमुनेच्या उपसा केंद्राकडे वळलं, शुद्धीकरणात क्लोरीन वाढवलं गेलं. टायफॉइड आणि हगवण वाढली नाही. पण विषाणू त्यातून पार झाला आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. पुढे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून हा हिपॅटायटिस ए नव्हता हे कळलं आणि नंतर ती साथ हिपॅटायटिस ईची ठरली.

शौचाचा नमुना अँटिबायोटिकआधी, जंतू वाटेत टिकवणाऱ्या कॅरी-ब्लेअर माध्यमात. कॉलऱ्याचा संशय असेल तर प्रयोगशाळेला आधी फोन करा, म्हणजे कॉलऱ्याचे जंतू वाढवायच्या टीसीबीएसच्या थाळ्या तयार राहतील. पाण्याच्या तपासणीच्या पद्धती शिकायच्या असतील तर १९५८ पासून या विषयात काम करणारी नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आपल्याच शहरात आहे. कार्यशाळेची जाहिरात दिसली की नाव नोंदवा.

सहावी पायरी: मांडणी

आधी काळाचा आलेख. आडव्या अक्षावर लक्षणं सुरू झाल्याची तारीख, उभ्यावर रुग्णसंख्या. महाप्रसादातून झालेली विषबाधा काही तासांत एकच उंच सुळका दाखवते. गळकी वाहिनी अनेक दिवस चालणारं पठार दाखवते, दुरुस्तीनंतर ते उतरतं.

मग वाहिनीवार अटॅक रेट. समजा एका वाहिनीवर ४०० लोक आणि ३६ आजारी, म्हणजे ९ टक्के. शेजारच्या वाहिनीवर ५०० लोक आणि १० आजारी, म्हणजे २ टक्के. धोका साडेचारपट. हे गणित कागदावर होतं. एपी इन्फोसारखं सांख्यिकी सॉफ्टवेअर लागतं ते वय, साठवण, पंप असे घटक एकत्र तपासताना.

तुलनेसाठी निरोगी माणसं निवडताना इथे बरेच जण फसतात. सोपं म्हणून रुग्णाच्या शेजारच्या घरातली निरोगी व्यक्ती घेतली जाते. पण तिचा नळही त्याच वाहिनीवर असतो. दोघांचं पाणी सारखंच, मग पाण्याचा संबंध दिसणार कसा? ऑड्स रेशो (कारण आणि आजार यांच्या संबंधाचं माप; एक म्हणजे संबंध नाही) एकच्या आसपास येतो आणि ‘पाण्याचा दोष आढळला नाही’ असं छापलं जातं. वाहिनीचा दोष शोधायचा असेल तर तुलनेची माणसं दूरच्या, वेगळ्या जलकुंभांच्या क्षेत्रांतूनही घ्या. साठवणीच्या सवयी तपासायच्या असतील तेव्हा शेजारी उत्तम. कुठला प्रश्न आहे हे आधी ठरवा.

गर्दीच्या प्रसंगांचा अभ्यास आणखी वेगळा. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात आणि दोन-तीन दिवसांत परततात. अशा वेळी इथे जुलाब मोजता येतील, पण टायफॉइड किंवा कावीळ झालीच तर ती त्यांच्या गावी, त्यांच्या जिल्ह्याच्या नोंदीत जाईल. नागपुरात बसून त्याचा दर काढता येणार नाही.

ग्रामीण भाग निवडलात तर

पारशिवनी, रामटेक, भिवापूरकडे काम करणार असाल तर जलकुंभाच्या जागी विहीर, बोअर आणि नळयोजना येतात, आणि व्हॉल्व्हमनच्या जागी ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक. त्यांच्याकडे टीसीएल (ब्लीचिंग) पावडरच्या नोंदी असतात. नोंदीसोबत पोतंही पाहा: उघडं, दमट राहिलेलं टीसीएल निकामी होतं, मात्रा वहीत बरोबर असली तरी. गावाला मिळालेलं लाल, पिवळं की हिरवं कार्ड (पाण्याच्या स्रोताचा धोका सांगणारं) विचारा. आणि नळयोजना बंद पडली की लोक कुठलं पाणी पितात हे हमखास विचारा. जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारीला कॉलरा झाला तेव्हा लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते.

वाट न पाहण्याच्या गोष्टी

अभ्यास पूर्ण होईपर्यंत काही गोष्टी दाबून ठेवायच्या नसतात. एकाच गल्लीत क्लोरीन शून्य आलं तर त्याच दिवशी मनपाच्या आरोग्य विभागाला आणि पाणीपुरवठ्याच्या कनिष्ठ अभियंत्याला कळवा. यामुळे तुमचा आलेख बिघडतो, बिघडू द्या. पिशवीत ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या ठेवा. सहा महिन्यांवरच्या मुलाला जुलाब असतील तर रोज २० मिलिग्रॅम झिंक, १४ दिवस. डोळे खोल गेलेलं, सुस्त पडलेलं मूल दिसलं तर मुलाखत थांबवून दवाखाना. गरोदर बाईला कावीळ दिसली तर त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात. हिपॅटायटिस ई शेवटच्या तिमाहीत फार घातक ठरतो.

वेळापत्रक

नैतिकता समितीचे कागद जानेवारीतच टाका, मार्चमध्ये वीस-पंचवीस घरांत प्रश्नावली चालवून पाहा, एप्रिलमध्ये वाहिन्यांचा नकाशा. प्रत्यक्ष काम मेच्या शेवटापासून, पाणी कमी आणि ओढाओढ जास्त असते तेव्हापासून सुरू व्हायला हवं. जुलै-ऑगस्टमध्ये जुलाब सगळ्यात जास्त असतात. सप्टेंबरनंतर रुग्ण कमी झाले म्हणून काम गुंडाळू नका. पावसाळ्याच्या अखेरीस फुटलेल्या वाहिनीची कावीळ दिवाळीच्या सुमारास दिसू शकते, त्यामुळे आशाताईंकडून ‘कोणाचे डोळे पिवळे झालेत का’ एवढा एकच प्रश्न नोव्हेंबर संपेपर्यंत दर आठवड्याला विचारून घ्या.